लहरीची लांबी आणि जमिनीचे एकर

सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ दोन सागरी केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांतल्या इंटरनेटचा वेग मंदावला, ही बातमी आपण वाचली असेल. त्यांपैकी एक होती ‘सी-मी-वी ४’. तिच्याशी ‘टाटा कम्युनिकेशन्स’ ह्या कंपनीचे नाव जोडलेले होते. ही कंपनी म्हणजेच पूर्वीची विदेश संचार निगम लिमिटेड, हे चाळिशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. तरुणांना बहुधा नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र सरकारने ह्या कंपनीतले २५ टक्के भाग टाटा समूहाला १,४३९ कोटी रुपयांना विकले आणि व्यवस्थापनही सोपवले. त्या विक्रीवर तेव्हा पुष्कळ वाद झाले. ते बहुतेक दोन गोष्टींभोवती फिरले: कंपनीच्या तिजोरीतली रोकड आणि तिच्या ताब्यातली सातशेहून अधिक एकर जमीन.

मला ह्या लेखात एवढेच दाखवायचे आहे की ती जमीन म्हणजे एका जुन्या लहरीच्या लांबीने मागे ठेवलेली खूण होती. विक्रीच्या दिवशी कंपनीचे खरे मोल तिथून केव्हाच निघून गेले होते आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या मोजक्या खोल्यांत येऊन बसले होते. आपण एकरांचा हिशेब चोख ठेवला. खोल्यांचा हिशेब मात्र उशिरा, तोही न्यायालयांच्या वाटेने, मांडावा लागला.

हा इतिहास १८७० पासून सुरू होतो. त्या वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ ह्या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनकडे आणि पुढे सुएझकडे सागरी तार टाकली आणि जून महिन्यात मुंबई लंडनशी समुद्रमार्गे जोडली गेली. ती तार खाजगी होती. जॉन पेंडर ह्या उद्योजकाच्या कंपन्यांनी ती टाकली आणि १८७२ मध्ये त्यांचे एकत्रीकरण होऊन ‘ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी’ उभी राहिली. आपल्याकडची परदेशी दळणवळणाची व्यवस्था मुळात सरकारी होती आणि पुढे तिचे खाजगीकरण झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ही व्यवस्था तिच्या पहिल्या पाऊणशे वर्षांत प्रामुख्याने खाजगी कंपन्यांच्या हाती होती. सरकारी मालकीचा कालखंड पंचावन्न वर्षांचा आहे, त्याहून जास्त नाही.

त्या तारेचे भौतिकशास्त्र मोठे रंजक आहे. गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाने मढवलेली तांब्याची तार खाऱ्या पाण्यात पसरली की ती हजारो किलोमीटर लांबीचे एक विद्युत-धारित्र बनते. एका टोकाला दिलेला ठोका दुसऱ्या टोकाला ठोका म्हणून पोहोचत नाही. तो पसरत, विरघळत जातो. लोखंडी सळईच्या एका टोकाला दिलेली उष्णता जशी पसरते अगदी तसाच. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, ह्यांनी १८५४-५५ च्या सुमारास हे ओळखले आणि फूरियेचे उष्णतावहनाचे समीकरणच तारेला लावून दाखवले की हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट झाली तर विलंब चौपट. १८५८ च्या पहिल्या अटलांटिक तारेवर हा नियम न मानता दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब लावण्यात आला आणि ती आधीच दुबळी झालेली तार काही आठवड्यांतच निकामी झाली. मुंबईची तार टाकली गेली तोवर हा धडा पचला होता. संदेश वेचायला थॉमसन ह्यांचीच नाजूक उपकरणे होती. तारेला जागा मात्र जवळपास लागतच नसे. किनाऱ्यावर एक इमारत, तिच्यात काही टेबले, पाळीपाळीने बसणारे तारमास्तर. एवढ्यात एका खंडाचे दुसऱ्या खंडाशी बोलणे होई. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा इथेच येणार आहोत.

जमिनीची गरज निर्माण केली ती बिनतारी संदेशवहनाने. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्य बिनतारी जाळ्याने जोडण्याच्या योजना सुरू झाल्या. आरंभीच्या योजना कित्येक किलोमीटर लांबीच्या लहरींच्या आणि प्रचंड शक्तीच्या होत्या. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फ्रँकलिन ह्यांनी १९२३-२४ मध्ये दाखवून दिले की लघुलहरी एका दिशेने झोतासारख्या सोडल्या तर थोड्या शक्तीतही त्या जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातात. ह्यालाच ‘बीम’ सेवा म्हणत. भारतात ह्यासाठी ‘इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी’ स्थापन झाली आणि १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकी येथून प्रेषण, तर दौंड येथे ग्रहण सुरू झाले. पलीकडची केंद्रे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे, ग्रिम्सबी आणि स्केगनेस ह्या गावांजवळ होती.

प्रेषण आणि ग्रहण ह्यांत सुमारे पाऊणशे किलोमीटरचे अंतर का? कारण सात हजार किलोमीटरवरून आलेली क्षीण लहर वेचायची तर आपल्याच प्रेषकाचा गोंगाट कानाशी नको. आणि माळरान का? कारण झोत अरुंद करायचा असेल तर आकाशकाची रुंदी लहरीच्या लांबीच्या अनेक पट असावी लागते. झोताचा कोन साधारणपणे लहरीची लांबी भागिले आकाशकाची रुंदी इतका असतो. बीम सेवेच्या लहरी साधारण पंधरा ते पस्तीस मीटरच्या होत्या. सोळा मीटरची लहर जेमतेम सहा अंशांच्या झोतात बांधायची म्हटले तरी दीडशे मीटरहून रुंद तारांचा पडदा उंच मनोऱ्यांवरून टांगावा लागे. दिवसा आखूड आणि रात्री लांब लहर वापरावी लागे, म्हणून दोन पडदे. नंतर दिशा वाढल्या, म्हणजे आणखी पडदे आले. त्यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, पुढे अडथळा नको. पाहता पाहता एकर वाढत जातात.

दिवस-रात्रीचा हा फरक आयनांबरामुळे पडतो. सूर्यप्रकाशाने वरच्या हवेतील अणूंचे विद्युतभारित कण बनतात, त्यांचे थर लघुलहरींना परत पृथ्वीकडे वळवतात आणि सूर्य मावळला की ते थर विरळ होतात. ह्या थरांचा अभ्यास त्याच काळात कोलकात्यात शिशिरकुमार मित्र आणि त्यांचे विद्यार्थी करत होते. मित्रांचा वरच्या वातावरणावरचा १९४७ चा ग्रंथ जगभर वापरला गेला. भारतात प्रायोगिक भौतिकशास्त्राची जी मोजकी केंद्रे स्वातंत्र्यापूर्वी उभी राहिली, त्यांतले एक नेमके ह्या विषयाभोवती उभे राहिले, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. खडकीहून निघालेली लहर ज्या छताला आपटून परतत होती, त्याच छताची उंची कोलकात्यात मोजली जात होती.

बीम सेवा तारेपेक्षा स्वस्त आणि वेगवान निघाली. मिनिटाला शंभर शब्दांची हमी करारातच होती. तार कंपन्यांचे धाबे दणाणले. लंडनमध्ये १९२८ साली परिषद भरली आणि तार व बिनतारी ह्यांचे एकत्रीकरण करून जुन्या तार कंपन्यांना वाचवण्यात आले; त्यातूनच ‘केबल अँड वायरलेस’ जन्मली. भारतातही १९३२ मध्ये दोन्ही व्यवसाय एका कंपनीत आणले गेले. नवे तंत्रज्ञान जुन्याला गिळू लागले की मालकी एकवटून ती स्पर्धाच मिटवायची, हा डाव दूरसंचाराच्या इतिहासात वारंवार दिसतो. पुढे १ जानेवारी १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ महिने आधी, सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली आणि ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ हे सरकारी खाते झाले. १ एप्रिल १९८६ रोजी त्याच खात्याची विदेश संचार निगम लिमिटेड ही कंपनी झाली.

साठच्या दशकाअखेरीपर्यंत परदेशी फोन म्हणजे लघुलहरीच. ट्रंक कॉल नोंदवायचा, तासन्‌तास वाट पाहायची आणि आयनांबराची मर्जी असेल तर आवाज ऐकू यायचा. हे बदलले ते आर्वीमुळे. ही आर्वी वर्धा जिल्ह्यातली नव्हे. जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या परिसरातली. १९६७ मध्ये अहमदाबादेत संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने एक प्रायोगिक उपग्रह भूकेंद्र उभे राहिले होते. तिथे तयार झालेल्या अभियंत्यांच्या बळावर विक्रम साराभाई ह्यांनी आग्रह धरला की देशाचे पहिले व्यापारी भूकेंद्र परदेशी कंपनीकडून आयते विकत न घेता इथल्याच संस्थांनी बांधावे. सुमारे तीस मीटर व्यासाची तबकडी असलेले आर्वी केंद्र १९७१ मध्ये हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाशी बोलू लागले. साराभाई त्याच वर्षी डिसेंबरच्या ३० तारखेला गेले. केंद्राला ‘विक्रम भूकेंद्र’ असे नाव देण्यात आले.

इथे पुन्हा तेच समीकरण लावून पाहावे. उपग्रहाकडून येणारी चार गिगाहर्ट्‌झची लहर साडेसात सेंटिमीटरची. तीस मीटरची तबकडी म्हणजे चारशे लहरी रुंद. तिचा झोत अंशाच्या सहाव्या भागाइतका. सर्व दिशांना सारखे पसरणाऱ्या आकाशकाच्या तुलनेत ती त्या एका दिशेने सुमारे दहा लाख पट अधिक शक्ती एकवटते. शेकडो एकरांतल्या तारांच्या पडद्यांना जे साधले नाही, ते एका तबकडीत साधले. जागेची निवडही विचारपूर्वक होती: जमिनीवरच्या सूक्ष्मलहरींच्या दुव्यांसाठीही हेच कंप्रतापट्टे वापरले जात, म्हणून चहूबाजूंनी डोंगरांची आड असलेली जागा हवी होती. ह्याच टापूत, खोडद येथे, गोविंद स्वरूप ह्यांनी पुढे ४५ मीटरच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. तिलाही रेडिओ-शांतता हवी होती. मात्र उपग्रहाने एक त्रास आणला. छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तितकेच खाली जायला लहरीला पाव सेकंद लागतो. प्रश्न विचारून उत्तर यायला अर्धा. ज्यांनी त्या काळी आखातातल्या आप्तांशी फोनवर बोलणे केले, त्यांना दोघांनी एकदम बोलायला सुरुवात करून दोघांनीही थांबणे चांगलेच आठवत असेल.

समुद्रतळ पुन्हा बोलू लागला तो ऐंशीच्या दशकात. मद्रास आणि पेनांग ह्यांच्या दरम्यान ४८० संभाषणे वाहून नेणारी समाक्ष केबल आली. १९९४ मध्ये मुंबईला ‘सी-मी-वी २’ ही प्रकाशतंतूंची केबल लागली. तिच्या एका जोडीची क्षमता सेकंदाला ५६ कोटी बिट होती, म्हणजे साडेसात हजारांहून अधिक संभाषणे. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. संशोधन संस्थांमध्ये ‘अर्नेट’मुळे ते आधीच पोहोचले होते. १९९७ मध्ये इंग्लंड ते जपान अशी ‘फ्लॅग’ केबल मुंबईत आली, १९९९ मध्ये ‘सी-मी-वी ३’ मुंबईत आणि कोचीत.

ह्या तंतूंमधली लहर दीड मायक्रोमीटरची. ती वाहून नेणारा काचेचा गाभा आठ-नऊ मायक्रोमीटर जाडीचा. सोळा मीटरवरून साडेसात सेंटिमीटरवर, तिथून दीड मायक्रोमीटरवर. सत्तर वर्षांत लहर एक कोटी पटींनी आखूड झाली आणि तिच्याबरोबर जागाही आकसली. किनाऱ्यावरच्या खोलीत केबल वर येते, पाण्याखालच्या वर्धकांना वीज पुरवणारे उच्चदाबाचे यंत्र तिथेच असते, आणि प्रकाशाचे विजेत व विजेचे प्रकाशात रूपांतर करणारी उपकरणे तिथेच. सगळा देश ज्या दारातून जगाशी बोलतो ते दार असे १८७० सारखे पुन्हा एका इमारतीत आले.

अशा अवस्थेत निगम विक्रीला निघाला. तोवर त्याची मक्तेदारी पैशांची खाण होती. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक कॉलच्या प्रत्येक मिनिटामागे तिकडच्या कंपन्या निगमाला रक्कम देत. देशाबाहेर जितके भारतीय अधिक, तितके उत्पन्न अधिक. सरकारने विक्रीपूर्वी मोठा विशेष लाभांश काढून घेतला आणि ३१ मार्च २००२ रोजी, आधी ठरलेल्या मुदतीच्या दोन वर्षे अलीकडे, परदेशी कॉलवरची मक्तेदारी संपवली. विक्रीनंतर काही महिन्यांतच निगमाने टाटांच्याच दुसऱ्या दूरसंचार कंपनीत बाराशे कोटी रुपये गुंतवण्याचे ठरवले, आणि तत्कालीन मंत्री प्रमोद महाजन ह्यांनी त्याला जाहीर विरोध केला. त्या वर्षीची वर्तमानपत्रे ह्याच वादाने भरली.

जमिनीबद्दल सरकार सावध होते. पुण्यातील दिघी, चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली येथील अतिरिक्त जमीन ह्या व्यवहारात धरलेली नाही, ती वेगळी काढली जाईल, असे करारातच नोंदवले गेले. एकट्या दिघीला पाचशेहून अधिक एकर होते. लघुलहरींच्या काळाचा तो वारसा. ही दक्षता योग्यच होती. सार्वजनिक जमीन कवडीमोलाने जाऊ नये हा आग्रह कोणीही धरील. मला खटकते ते दुसरेच. केबल उतरण्याच्या ठिकाणांबाबत परवान्यांच्या धोरणात समान प्रवेशाचा उल्लेख होता, पण अटी उभयपक्षी संमतीने ठरवाव्यात, असे म्हणून विषय सोडून दिलेला होता. ज्याच्या हाती दाराची किल्ली आहे त्याच्याशी संमती कशी होणार, हे सांगायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

झालेही तसेच. प्रकाशतंतूंचे एक वैशिष्ट्य असे की समुद्रातली काच न बदलता केवळ टोकांवरची उपकरणे बदलून केबलची क्षमता अनेक पटींनी वाढवता येते. वाढीव क्षमतेची किल्ली त्यामुळे समुद्रात राहत नाही, टोकाच्या खोलीत येते. २००४ मध्ये ‘फ्लॅग’ रिलायन्सच्या मालकीची झाली. मुंबईतले तिचे टोक मात्र निगमाच्या इमारतीत होते, आणि तिथे उपकरणे वाढवू देण्यास निगमाने नकार दिला. प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. २००६ मध्ये निकाल ‘फ्लॅग’च्या बाजूने लागला. केबल तयार, काच तयार, ग्राहक तयार, आणि अडले ते एका खोलीच्या उंबरठ्यावर. ह्या अडचणीला दुसरी वाटही निघाली. भारती आणि सिंगटेल ह्यांनी २००२ मध्ये चेन्नईहून सिंगापूरला स्वतःची केबल टाकली आणि स्वतःचे दार उघडले. ज्यांच्याकडे तेवढे भांडवल नव्हते, त्यांच्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये केबल लँडिंग स्टेशनांत प्रवेश देण्याचे नियम केले आणि २०१२ मध्ये शुल्कही ठरवून दिले. त्या शुल्कांविरुद्ध केंद्रांचे मालक न्यायालयात गेले आणि ती लढाई वर्षानुवर्षे चालली.

तरी खाजगीकरण फसले, असा निष्कर्ष मी काढणार नाही. २००५ मध्ये ह्याच कंपनीने टायको कंपनीचे साठ हजार किलोमीटरचे सागरी जाळे तेरा कोटी डॉलरांना विकत घेतले. ते उभारायला अडीच अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाला होता. इंटरनेटच्या फुगवट्यानंतर भंगाराच्या भावात निघालेली ही मालमत्ता ओळखून झटपट घेणे, हे फायलींच्या वाटेने जाणाऱ्या सरकारी कंपनीला साधले असते असे मला वाटत नाही. २०१२ मध्ये युरोप-भारत दुवा जोडून कंपनीने पृथ्वीला वळसा घालणारे स्वतःच्या मालकीचे वलय पूर्ण केले. खडकीच्या माळापासून सुरू झालेल्या वारशाची ही परिणती थक्क करणारी आहे. परंतु त्याच खरेदीच्या वेळी अमेरिकेने काय केले, तेही पाहावे. अमेरिकेच्या भूमीवरची केबल केंद्रे परकीय कंपनीकडे जाणार म्हणताच तिथल्या संरक्षण, न्याय आणि अंतर्गत सुरक्षा विभागांनी निगमाकडून आधी स्वतंत्र सुरक्षा करार लिहून घेतला. कोण आत जाईल, कोणाच्या हाती नियंत्रण राहील, ते त्यात आले. दाराची किंमत त्यांना ठाऊक होती.

कंपनीने २००८ मध्ये ‘टाटा कम्युनिकेशन्स’ हे नाव घेतले. २०२१ मध्ये सरकारने आपले उरलेले सुमारे २६ टक्के भागही विकून टाकले. जमीन वेगळी काढण्याचे काम मात्र दीड दशकाहून अधिक रेंगाळले. त्यासाठी २००५ मध्येच स्थापन झालेली ‘हेमिस्फिअर प्रॉपर्टीज’ ही कंपनी २०२० मध्ये शेअर बाजारात नोंदवली गेली.

आणि दारे? दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२३ च्या शिफारशींनुसार देशात तेव्हा सतरा आंतरराष्ट्रीय केबल चौदा केंद्रांवर उतरत होत्या: मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम येथे. मुंबईतल्या बहुसंख्य केबल वर्सोव्याच्या थोडक्या किनारपट्टीत एकवटलेल्या आहेत. ह्या केबल दुरुस्त करणारे भारतीय ध्वजाचे एकही जहाज तेव्हा नव्हते. त्यामुळे प्राधिकरणाच्या शिफारशींत उतरण्याच्या केंद्रांबरोबर दुरुस्तीची भारतीय जहाजे आणि त्यांच्या परवानग्या सुलभ करण्याचा मुद्दाही आहे.